कोलेस्टेरॉल निर्दोष सुटलेलं नाही

दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत आपल्यापर्यंत येतो. शीर्षक बदलतं, खालचं नाव बदलतं. कधी तो एखाद्या ‘जगप्रसिद्ध हृदयशल्यविशारदा’चा कबुलीजबाब असतो, कधी दिवाळीच्या तोंडावर तुपाच्या बरणीच्या फोटोसह येतो. आतला माल मात्र तोच. कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांनी उभं केलेलं थोतांड आहे, अमेरिकेने २०१५ सालीच ते गुपचूप मान्य केलं, आपले आजोबा वाटीभर तूप खाऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत होते. तेव्हा बिनधास्त खा आणि त्या गोळ्या केरात टाका.

आमच्या व्यवसायातली मंडळी याला उत्तर देण्याच्या फंदात पडत नाहीत. अडाणीपणा म्हणून हसतात आणि पुढचा पेशंट आत बोलावतात. मला ते पटत नाही. हा मजकूर अडाणी मुळीच नाही. तो हुशारीने रचलेला आहे आणि त्यातली काही वाक्यं चक्क खरी आहेत. शिवाय तो वाचून कोण काय करतं हेही पाहायला हवं. ज्याला काहीच झालेलं नाही तो फार तर एक पुरणपोळी जास्त खातो. ज्याच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट आहे, तो गोळी बंद करतो.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. स्टेंट बसवून अजून वर्ष झालेलं नव्हतं. त्यांनी तो मजकूर छापून आणला होता आणि पेपर तपासावेत तशा लाल शाईने ओळी अधोरेखित केल्या होत्या. समासात दोन ठिकाणी ‘महत्त्वाचे’ असंही लिहिलेलं. “डॉक्टर, तुमच्या गोळीचं बिंग फुटलं की,” असं म्हणत त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला. त्यांचा नवा रिपोर्ट पाहिला तर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४८. गोळी चालू असताना ते साठीच्या घरात होतं. त्याहून धक्कादायक गोष्ट नंतर कळली. ‘हृदयाच्या सगळ्याच गोळ्या’ म्हणून त्यांनी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्याही थांबवल्या होत्या. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन तो अचानक बंद पडणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला त्या लाल रेघांची भीती वाटेल.

तर आता त्या रेघांकडे वळू.

सगळ्यात जाड रेघ २०१५ सालाखाली होती. अमेरिकेत दर पाच वर्षांनी आहाराची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं निघतात. त्या वर्षी दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल खाऊ नये ही जुनी मर्यादा काढून टाकण्यात आली. हे शंभर टक्के खरं आहे. पण ही मर्यादा ताटातल्या कोलेस्टेरॉलची होती. आपल्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं आणि आपण अंडं खाल्लं तर यकृत आपलं उत्पादन थोडं आवरतं. म्हणून अंड्यातल्या पिवळ्या बलकाला दिलेली जन्मठेप जरा जास्तच होती, एवढंच ही तत्त्वं सुचवणाऱ्या तज्ज्ञ समितीने मान्य केलं. रक्तातलं एलडीएल निरुपद्रवी आहे, असं तिने कुठेही म्हटलेलं नाही. उलट त्याच पुस्तिकेत संपृक्त स्निग्धांश रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली ठेवा, ही अट कायम आहे. फिरणाऱ्या मजकुरात हे पान नसतं. का नसतं, ते उघड आहे. तुपात निम्म्याहून जास्त, ६० टक्क्यांच्या वर, संपृक्त स्निग्धांश असतो. खोबरेल तेलात तो ९० टक्क्यांच्या आसपास जातो.

संपृक्त स्निग्धांश नेमकं काय करतो? यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण रक्तातून ओढून घेणारे ग्राहक असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी ते शोधले आणि त्यासाठी त्यांना १९८५ साली नोबेल मिळालं. संपृक्त स्निग्धांश वाढला की हे ग्राहक कमी होतात आणि एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं. थोडक्यात, ज्या पदार्थात कोलेस्टेरॉलचा कणही नाही तो खाऊनही रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढू शकतं. खोबरेल तेलाच्या बाटलीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं ठळक छापलेलं असतं. छापणारा खोटं बोलत नाही, आणि आपण फसतो.

दुसरी रेघ होती अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाखाली. त्याने सोयीचे देश तेवढे निवडले आणि स्निग्धांशाला बदनाम केलं, असा आरोप. कीजच्या १९५३ सालच्या आलेखात सहाच देश होते हे खरं, आणि १९५७ साली दोन संशोधकांनी उपलब्ध बावीस देशांची आकडेवारी मांडून त्याचे कान उपटले, हेही खरं. त्या पिढीने लोण्याऐवजी मार्गारिन खायला सांगितलं, ही तर मोठीच घोडचूक. मार्गारिनमधले आणि वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट लोण्यापेक्षाही वाईट निघाले आणि आपल्याकडे त्यांच्यावर २ टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ साल उजाडावं लागलं. हे सगळं मान्य. पण एलडीएलविरुद्धचा खटला कीजच्या साक्षीवर उभाच नाही. त्याचा आलेख फाडून टाका, खटला जागचा हलत नाही.

कारण बाकीचे साक्षीदार एकमेकांना ओळखतही नाहीत. १९१३ साली रशियात निकोलाय अनिच्कोव्हने सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्यांत थर जमतात हे दाखवलं. ससे शाकाहारी, म्हणून तो पुरावा कच्चा, असं म्हणा, चालेल. १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ माणसांची नोंद सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षं दिसत राहिलं की कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि सिगारेट जास्त असणाऱ्यांना झटके जास्त येतात. तो फक्त सहसंबंध, असं म्हणा, तेही चालेल. मग जन्मजात दोष घेऊन आलेल्यांकडे पाहा. साधारण अडीचशे माणसांत एकाला आईकडून किंवा वडिलांकडून असा जनुकीय दोष मिळतो, ज्यामुळे एलडीएल जन्मापासून चढं राहतं, मग घरचं जेवण कितीही सात्त्विक असो. दोघांकडूनही तो आला तर शाळकरी वयात हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. त्या मुलाने ना नोकरीचा ताण पाहिलेला असतो, ना तंबाखू.

आणि आता याच्या बरोबर उलट. पीसीएसके-९ नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे काही माणसांचं एलडीएल जन्मापासून कमी असतं. २००६ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या पंधरा वर्षांच्या निरीक्षणातून आकडे आले. ज्यांच्यात हा बिघाड होता त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयधमनी विकार ८८ टक्क्यांनी. त्यांना कुणी गोळी दिली नव्हती, पथ्य सांगितलं नव्हतं, कुठल्या कंपनीने जेवायला नेलं नव्हतं. आईबापांकडून आलेलं एक अक्षर वेगळं होतं, एवढंच. औषध कंपन्यांचं कारस्थान हाच ज्यांचा युक्तिवाद आहे त्यांनी या माणसांचं काय करायचं ते सांगावं. माझ्या माहितीत अजून कुणी सांगितलेलं नाही.

एक शस्त्रक्रियाही आहे. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन ही गोळी घरोघरी पोचण्याआधी अमेरिकेतल्या काही शल्यविशारदांनी झटका येऊन गेलेल्या ८३८ माणसांचे दोन गट केले आणि एका गटाच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग वळसा घालून टाळला, म्हणजे कोलेस्टेरॉल परत शोषलंच जाऊ नये. निकाल १९९० साली आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका, हे दोन्ही मिळून ३५ टक्क्यांनी कमी. आतडं कापून कमी केलं तरी फायदा, गोळीने केलं तरी फायदा, जन्मतः कमी असलं तरी फायदा. यातून तिसराच कुणी दोषी काढून दाखवायचा असेल तर खुशाल काढा.

तिसरी रेघ: ‘झटका आलेल्या निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं.’ हे २००९ सालच्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीतून उचललेलं आहे. जवळपास १ लाख ३७ हजार दाखल रुग्ण, त्यातल्या निम्म्यांचं एलडीएल १०० च्या खाली. पण त्यांच्यातला साधारण पाचातला एक जण आधीपासूनच कोलेस्टेरॉलची गोळी घेत होता, आणि निम्म्याहून जास्त जणांचं ‘चांगलं’ एचडीएल कमी होतं. शिवाय नॉर्मल म्हणजे काय? रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली पट्टी ही आजच्या समाजात किती असतं याच्याशी बांधलेली असते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं एलडीएल ३० च्या आसपास असतं आणि त्याचा मेंदू तेवढ्यावर झकास वाढतो. (मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं म्हणून ते कमी करू नका, असं सांगणाऱ्यांसाठी: मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातलं एलडीएल तिथे शिरतच नाही.) आणि एलडीएल एकटंच सगळं करतं असं कोणीही शहाणा माणूस म्हणत नाही. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात पहिल्या झटक्यामागची नऊ कारणं मोजली गेली. रक्तातले मेद, धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, मानसिक ताण आणि बाकीची. चघळण्याच्या तंबाखूनेही धोका दुपटीच्या पुढे जातो, हे त्याच अभ्यासातून निघालं. आमच्याकडे मशेरी लावणाऱ्या बायकांना ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं की त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मशेरी त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे.

आता आजोबा. हा युक्तिवाद सगळ्यात लाडका आहे, म्हणून त्याच्याशी जरा निवांत भांडू.

कुठले आजोबा? जे नव्वदीपर्यंत जगले ते. जे बावन्नाव्या वर्षी गेले त्यांच्या मांडीवर आपण बसलोच नाही, तेव्हा त्यांच्या आहाराचे दाखले आपल्या तोंडी कुठून येणार? जुन्या घरांत विचारून पाहा. ‘रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत’, ‘शेतातून आले, छातीत कळ आली म्हणाले आणि गेले’ अशी एक तरी गोष्ट प्रत्येक भाऊबंदकीत निघते. ईसीजी नव्हता, मृत्यूच्या दाखल्यावर कारण नव्हतं, आणि वायू, दृष्ट, करणी ही कारणं हाताशी होती. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. हा आकडा बालमृत्यूंनी खाली ओढला होता, हे कबूल. पण ज्या समाजात क्षय, पटकी, मलेरिया आणि बाळंतपण माणसं आधीच उचलून नेत होतं, तिथे हृदयविकाराची पाळी यायला पुरेसे लोकच उरत नव्हते.

आणि वाटीभर तूप कुणाच्या घरात होतं? बहुसंख्य मराठी घरांत भाकरी, ठेचा, कालवण आणि सणाला गोडधोड होतं. कढवलेलं तूप बाजारात विकलं जाई, घरी उरे ते ताक. वरणभातावर तुपाची धार पडे ती पाहुण्याच्या आणि बाळंतिणीच्या पानात. ज्यांच्या घरी खरंच रोज वाटी होती ते आजोबाही मळ्यापर्यंत चालत जात आणि चालत परत येत. त्यांच्या तुपावर वडापाव, फरसाण, बेकरीची खारी, रात्री साडेदहाचं जेवण आणि दिवसभराची खुर्ची यांचा थर नव्हता. आजोबांकडून आपण तूप तेवढं उचललं, चाल मात्र त्यांच्याबरोबर गेली. इंटरहार्टमध्ये दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकीच्या जगात ५९ च्या सुमारास. सहा वर्षं आधी. नातवांच्या पिढीचा हिशोब हा आहे.

औषध कंपन्यांच्या पैशाबद्दल मात्र मी त्या मजकुराच्या बाजूने बोलेन, निदान अर्ध्या वाटेपर्यंत. २००४ साली अमेरिकेत एलडीएलची लक्ष्यं आणखी खाली आणणाऱ्या नऊ तज्ज्ञांपैकी आठ जणांचे कंपन्यांशी आर्थिक संबंध होते. हे लांच्छनास्पदच. सेरिव्हास्टॅटिन नावाचं स्टॅटिन स्नायू विरघळवून माणसं मारतंय हे दिसल्यावर २००१ साली ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. संशय हवाच. पण तो संशय पुढेही घेऊन चला. २००६ साली फायझरने ‘चांगलं’ एचडीएल वाढवणाऱ्या टॉर्सेट्रापिबचा हजारो माणसांवरचा प्रयोग अर्ध्यावर थांबवला, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. एचडीएल छान वाढलं होतं. कंपनीचे सुमारे ८० कोटी डॉलर पाण्यात गेले. रिपोर्टवरचा आकडा सुधारला म्हणजे माणूस वाचला असं नाही, हे वैद्यकशास्त्राने स्वतःच्याच औषधावर तपासलं आणि औषध टाकून दिलं. स्टॅटिन हीच परीक्षा देऊन पास झालेलं आहे. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या प्रयोगाचा निकाल आला. पाचेक वर्षांत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ गेले, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. कुठलाही आकडा नव्हे, माणसं मोजली होती. आणि आज? लिपिटॉर या नावाने विकल्या जाणाऱ्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिन या स्टॅटिनचं पेटंट अमेरिकेत २०११ सालीच संपलं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आपल्याकडे अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, जनऔषधीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. त्याच मजकुराच्या खाली ‘ब्लॉकेज विरघळवणाऱ्या’ काढ्याची जाहिरात असते. त्या बाटलीची किंमत एकदा विचारून पाहावी.

काढ्यांवरून आठवलं. दुधीचा रस घरोघरी प्यायला जातो, तो धमन्या साफ करतो म्हणून. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला आणि आयसीएमआरला समिती नेमावी लागली. कडू निघालेल्या दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषं असतात, कडू लागला तर रस ताबडतोब टाकून द्या, हे त्या समितीला लोकांना सांगावं लागलं. दुधीची भाजी खुशाल खा. धमनीतला थर मात्र रसाने धुतला जात नाही, कारण तो नळीच्या आत साचलेला गाळ नसतोच. एलडीएलचे कण धमनीच्या अस्तराखाली शिरतात, तिथे पांढऱ्या पेशी त्यांना गिळून फुगतात, वर एक पातळ टोपी तयार होते. ती टोपी फुटली की त्या जागी गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद. अनेकदा जिथे फुटतं तिथे धमनी आधी अर्धीसुद्धा अरुंद झालेली नसते. म्हणून काल पाच किलोमीटर चाललेला माणूस आज जातो. आणि म्हणूनच ‘स्टेंट बसला, नळी मोकळी झाली, आता गोळी कशाला’ हा प्रश्न चुकीच्या जागी आहे. स्टेंटने एक जागा उघडली. बाकीच्या सगळ्या टोप्या तशाच आहेत, आणि त्या घट्ट ठेवण्याचं काम गोळी करते.

‘हृदयतज्ज्ञ स्वतःच झटक्याने मरतात’ या ओळीखाली रेघ नव्हती, उद्गारचिन्ह होतं. डॉ. नीतू मांडके २००३ साली तसेच गेले, मुंबई हळहळली. त्यावरून औषधं खोटी ठरत नाहीत. डॉक्टरच्या धमनीला त्याच्या पदव्या ठाऊक नसतात.

पायांच्या दुखण्याची तक्रार मात्र मी हसण्यावारी नेत नाही. स्टॅटिनने काहींचे स्नायू खरोखर दुखतात, क्वचित गंभीर त्रासही होतो, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर थोडी वर जाते. पण २०२० साली प्रसिद्ध झालेला लंडनमधला एक छोटा, सुरेख प्रयोग आहे. दुष्परिणामांमुळे गोळी सोडलेल्या साठ जणांना बारा बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार खोट्या गोळ्यांच्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक. त्रास रोज नोंदवायचा. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के खोट्या गोळीनेही झाला. दुखणं खोटं नव्हतं, ते गोळी घेतोय या धास्तीतून येत होतं. स्वतःच्या नोंदी पाहिल्यावर त्यांच्यातल्या निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केलं. ही धास्ती कुठून येते, याचं एक उत्तर शिक्षकांनी माझ्या टेबलावरच ठेवलं होतं.

त्या मजकुरातली एक गोष्ट मला कुणी खोडून काढू नये असं वाटतं: आपलं ताट पिठाने आणि साखरेने भरलेलं आहे. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, नाश्त्याला पोहे, दुपारी भाताचा डोंगर, चार वाजता बिस्किटं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दहा कोटींहून जास्त मधुमेही निघाले, ते तुपाने झालेले नाहीत. पण साखर दोषी ठरली म्हणून तूप सुटत नाही. दोन आरोपी असू शकतात. आणि पस्तिशीतल्या, तंबाखू न खाणाऱ्या, घरात कुणाला लवकर झटका न आलेल्या माणसाला एलडीएल थोडं वर दिसलं म्हणून लगेच आयुष्यभराची गोळी लिहून देणाऱ्याशी मीही वाद घालीन. झटका येऊन गेलेल्याच्या बाबतीत मात्र वादाला जागा नाही.

राहता राहिला प्रश्न शिक्षकांचा. चाळीस वर्षं मुलांना पडताळून पाहायला शिकवलेला माणूस निनावी कागदावर विश्वास का ठेवतो? मी त्यांच्या फाइलमधलं रुग्णालयातून घरी सोडतानाचं कार्ड काढलं. त्यावर सात औषधांची इंग्रजी नावं होती आणि प्रत्येकापुढे दिवसाचे आकडे. कुठली गोळी कशासाठी, कुठली किती महिने, कुठली एक दिवसही चुकवायची नाही, यातलं एक अक्षर नव्हतं. त्या फिरत्या मजकुराने निदान दोन पानं मराठीत त्यांच्याशी संवाद साधला होता. आम्ही तेवढंही केलं नव्हतं. हृदयाच्या औषधांचं प्रत्येक कार्ड मराठीत असावं, प्रत्येक गोळीपुढे तिचं काम आणि मुदत लिहिलेली असावी, आणि ‘विचारल्याशिवाय बंद करू नका’ हे गुठळीच्या गोळीपुढे मोठ्या अक्षरात असावं. यासाठी ना नवं यंत्र लागतं ना अनुदान. घरी सोडण्याच्या दिवशी कुणीतरी दहा मिनिटं बसून लिहावं लागतं, आणि ते काम कुणाचं हे रुग्णालयांनी ठरवायचं आहे.